पाहुण्यांचं पाणी

भाचीच्या उष्टावणाला मला मामा म्हणून बोलावलं होतं, रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून नव्हे. सहा महिन्यांची भाची मांडीवर, समोर चांदीच्या वाटीत खीर. पहिला घास मामाने भरवायचा अशी पद्धत. मी भरवला, तिने तो जिभेने बाहेर ढकलला आणि घरभर टाळ्या वाजल्या. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी वीस वर्षं शिकवतोय. माझ्या कामाला टाळ्या पडल्याचा प्रसंग हा एवढाच, आणि तोही काम फसल्यावर.

टाळ्या थांबल्या तशी बहीण माझ्या कानाशी वाकली.

"दादा, आता ही पाणीसुद्धा प्यायला लागणार."

"लागेलच की."

"इथलं," ती म्हणाली.

आम्ही दोघं नाशिकात वाढलो. नळाला धरणाचं पाणी यायचं, ते प्यायचं आणि त्याच्याबद्दल विचार करायचा नाही, असं आमचं बालपण. बहिणीला दिलं सिन्नरच्या पलीकडच्या एका गावात. स्लॅबचं घर, दारात टोमॅटोचे क्रेट रचलेले, मेहुणे औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणारे आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारी बोअर. पोरीला पाण्याचं घर मिळालं म्हणून आमचे वडील महिनाभर खूश होते. ते पाणी कसलं आहे हे बघायचं कुणाला सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं. पण लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांना तुमच्या बोअरचा नमुना द्या म्हणणारा माणूस फार काळ बैठकीत राहत नाही.

पाणी चवीला गोड आहे, खरोखर गोड. त्यात फ्लोराइड मात्र प्रमाणाबाहेर. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. लहानपणी पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा हे पाणी पोटात गेलं की दात बाहेर येतात तेच पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन. मग दंतमंजन बदला, कोळसा लावा, काही फरक पडत नाही. म्हातारपणी गुडघे आणि कंबर धरते ती वेगळीच.

गावाने यावर आपापली सोय काढली होती. पुरुष मिशा वाढवायचे, आणि त्याला रुबाब समजलं जायचं. बायका हसताना पदर तोंडावर घ्यायच्या, मुली ओढणी नाहीतर हात. बहिणीची नणंद तर ओठ जवळजवळ न उघडता आपलं पूर्ण नाव आणि शिक्षण सांगायची. बघायला येणाऱ्या स्थळांपुढे बसून बसून तिला ती कला साधली होती. दोन स्थळांनी मुलगी गंभीर आहे म्हणून नकार कळवला. ती घरात सर्वांत चेष्टेखोर बाई.

"मला हिचे दात मोत्यासारखे नकोत," उष्टावणाची भांडी आवरताना बहीण म्हणाली. "फक्त हसताना हिचा हात तोंडावर जायला नको. एवढं कर."

गावात काही झालं नव्हतं असं नाही. भाची जन्मायच्या आदल्या वर्षीच तिथे शुद्ध जल प्रकल्पाचं उद्घाटन झालं होतं. मी हजर होतो, घरचा पाहुणा म्हणून पुढच्या रांगेत. मांडव, लाउडस्पीकर, शाली, नारळ. फलक संगमरवरी आणि इतका भव्य, की मशीन त्याच्यामागे शोधावं लागत होतं. मशीनच्या पोटात पांढरे दाणे भरलेले. पाणी त्यांतून गेलं की फ्लोराइड दाण्यांना चिकटून राहतं. दाणे भरले की औषधाने धुवायचे, नाहीतर ते नुसतेच खडे. ते धुणार कोण, याचं उत्तर फलकावर नव्हतं. तिथे नावांमुळे जागाच उरली नव्हती.

प्रमुख पाहुण्यांच्या हाती पहिल्या पाण्याचा पेला दिला गेला. फोटोसाठी त्यांनी तो तीनदा ओठांपर्यंत नेला आणि तीनदा भरलेलाच खाली ठेवला.

"आज निर्जळी उपास असंल त्यांचा," माझ्यामागे बसलेल्या बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. पदराआडून म्हणाल्या, पण तीन रांगा हसल्या.

या सासूबाई म्हणजे भाचीची आजी. मीही त्यांना आजीच म्हणायला लागलो होतो. बाई बारीक अंगाची, आवाज मोठा. चार महिन्यांत दाणे भरले, मशीनला कुलूप लागलं, आणि फलकावर आता दुपारी कुणाच्या तरी गोधड्या वाळतात. दगड तापतो चांगला.

तेव्हा मी घरगुती उपाय काढला, तुरटी आणि चुना. हा काही माझा शोध नव्हे, जुनी आणि साधी पद्धत आहे. पाण्यात आधी चुन्याची निवळी घालायची, मग तुरटीचं पाणी. मिनिटभर जोरात घुसळायचं, मग दहा मिनिटं अगदी हळू. कापसासारखे पांढरे पुंजके तयार होतात, ते फ्लोराइडला धरून तासाभरात तळाशी बसतात. वरचं पाणी तोटीने काढून कापडातून गाळून घ्यायचं. म्हणून तोटी तळापासून चार बोटं वर. खालचा गाळ गुरांच्या वाटेत टाकायचा नाही, खड्ड्यात टाकायचा. किती चुना, किती तुरटी, ते मात्र ज्या त्या पाण्यावर ठरतं. त्यासाठी मी बाटल्या भरभरून बोअरचं पाणी नाशिकला न्यायला लागलो.

"काय मास्तर, तीर्थ का?" एकदा एसटीत कंडक्टरने पिशवीकडे बघून विचारलं.

"नाही, बोअरचं पाणी."

"नाशिकला नेताय?" त्याने मला तिकीट दिलं, पण पुढे सिन्नरपर्यंत तो अधूनमधून माझ्याकडे काळजीने बघत होता. बरोबर आहे. लोक नाशिकहून गोदावरीचं पाणी बाटलीत भरून गावी नेतात.

प्रमाण बसल्यावर एका रविवारी मी दोन बादल्या, तोटी, तुरटीच्या पाण्याची बाटली आणि मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण घेऊन गेलो. सोबत एक लॅमिनेट केलेला तक्ता होता. 'जलशुद्धीकरण : सात पायऱ्या.' खाली बारीक अक्षरात माझं नाव आणि पदवी. संगमरवरी फलकाला हसणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात लॅमिनेटचा फलक लावला हे मला त्या दिवशी जाणवलं नाही. आजींनी तक्ता नीट बघितला आणि त्याच्या खिळ्याला चाळणी अडकवली.

पण काम त्यांनी उचललं. रवीने ताक घुसळण्यात हयात गेलेली बाई. मी चमच्याने हलवायला लागलो तशी त्यांनी मला बाजूला सारलं. अडचण एकच, दहा मिनिटं मोजायची कशी. घड्याळ बघत घुसळणं त्यांना पटेना. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. सकाळी टीव्हीवर राशिभविष्य लागतं, ते अकरा-बारा मिनिटं चालतं. मेष राशीला जोरात घुसळायचं, वृषभपासून मीनेपर्यंत हळू. राशिभविष्याचा मानवजातीला झालेला प्रत्यक्ष उपयोग मी त्या घरात पहिल्यांदा पाहिला. एकदा मीन राशीच्या आधी वीज गेली, तर आजी कुंभेवर थांबून राहिल्या. मग बहिणीने फोनच्या घड्याळात सेकंद मोजून त्यांना मीनेतून बाहेर काढलं.

दर महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारी मी जायचो. आत शिरलो की आजी तांब्या-भांडं घेऊन यायच्या.

"घ्या मामा, बादलीतलं हाय."

मी एक भांडं पोटात घालायचो, दुसऱ्यातलं थोडं तपासणीच्या नळीत घेऊन थेंब टाकायचो. रंग हवा तसा यायचा. मी "वा" म्हणून उरलेलंही पिऊन टाकायचो. निघताना आजी बाटली भरून द्यायच्या. ती मी एसटीत संपवायचो, कारण आपल्या हातच्या पाण्याची चव वेगळीच लागते. बहीण सांगायची, सकाळी भरलेली बादली ती शाळेतून परत येईपर्यंत रिकामी असते. ती दोन गावांपलीकडच्या प्राथमिक शाळेत शिकवते, नऊला निघते, साडेपाचला येते. बादली रिकामी म्हणजे पाणी पोटात जातंय. आम्ही दोघं शिकलेली माणसं. आमचा तर्क बिनतोड होता.

भाचीच्या लाडांना त्या घरात तोटा नव्हता. बहिणीने नवा फ्रॉक आणला की आजी तो उलटसुलट बघून म्हणायच्या, "करा, करा लाड. पोरीची जात, पाव्हणीच हाय ती आपल्याकडं." मला ते वाक्य आवडायचं नाही. पण त्या ते मनापासून मायेने म्हणायच्या, आणि मायेने बोललेल्या वाक्याशी वाद घालायला मला कधी जमलेलं नाही.

भाची चालायला लागली त्या सुमारास मला सिन्नरला प्रात्यक्षिक परीक्षेचं काम आलं. ते दुपारी दोनलाच उरकलं, म्हणून न कळवता जीप धरून गावात उतरलो. मधला वार, आडवेळ. दारात टोमॅटोचा टेम्पो उभा. ओट्यावर टेम्पोचा ड्रायव्हर, दोन शेजारणी आणि एक विमा विकणारे गृहस्थ. आजी तोटीखाली तांब्या धरून सगळ्यांना पाणी देत होत्या.

"प्या, आणखी प्या. मामांचं पाणी हाय. नाशिकचं मास्तर हायेत ते."

"हलकं लागतं हां," विमावाले म्हणाले.

"लागंलच! बारा राशींचं हाय ते."

मी दारातच थांबून स्वतःचं कौतुक ऐकत होतो. तेवढ्यात आतून भाची डुलत आली, आजीचं लुगडं ओढून "पा, पा" करायला लागली. आजी उठल्या, कोपऱ्यातल्या माठातून भांडं बुडवलं आणि तिच्या तोंडाला लावलं. ती गटागटा प्यायली.

"आजी," मी म्हणालो, "हे कुठलं पाणी?"

"अगंबाई, मामा! आज कसं काय? बसा. हे माठातलं. बोअरचं. गार हाय ना."

"मग बादलीतलं?"

"ते पाव्हण्यांचं," आजी म्हणाल्या. मी इतका साधा प्रश्न का विचारतोय ते त्यांना कळेना.

"हिला नाही देत?"

"लेकराला कशाला? घरचं लेकरू हाय. घरच्यानं घरचं प्यावं, चांगलं ते आल्यागेल्याला. थोडं देवाला." त्यांनी माझा चेहरा बघितला. "सकाळ-संध्याकाळ पाजती तिची आई. दिवसा म्या बघती. का वो?"

मी बसलो. दिवसा म्हणजे बहुतेक सगळंच पाणी. सात महिने. एवढ्या महिन्यांत त्या बादलीतून गावातले ड्रायव्हर, शेजारणी, पतसंस्थेचे वसुलीवाले आणि देव यांचे दात सुरक्षित झाले होते. आणि सर्वांत जास्त कोण प्यायलं असेल, तर नाशिकचा मामा, ज्याच्या घरी धरणाचं पाणी नळाला येतं. वर एक बाटली एसटीत. मी फ्लोराइड मोजलं, चुना मोजला, तुरटी टोपणाने मोजली. पितंय कोण, एवढं बघायचं राहिलं होतं.

साडेपाचला बहीण आली. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ती पर्स खांद्यावरच ठेवून पाटावर बसली आणि दारातून ओट्यावरच्या बादलीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भांडण होणार. आजीही तयारीत होत्या. त्यांनी ओट्यावरून हाक दिली, "काय विषारी हाय का आपलं पाणी? ह्याच पाण्यावर म्या चार पोरं वाढवली."

बहीण बाहेर गेली. आवाज शाळेतला नव्हता, घरातला होता.

"आत्याबाई, मी हिला फ्रॉक आणला की तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणती?"

"ही कोण आहे म्हणता आपल्याकडे?"

"पाव्हणी."

"मग पाहुणीला माठातलं पाणी देता?"

दोन्ही शेजारणी अजून बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं. बहिणीने नियम मोडायला सांगितला असता, तर आजी जागच्या हलल्या नसत्या. तिने नियम पाळायला सांगितला होता. आजींनी भाचीकडे बघितलं, मग बादलीकडे, मग माझ्याकडे. बादलीत तळाशी भांडंभर पाणी उरलं होतं.

"मास्तरीण लय हुशार हाय तुमची," त्या मला म्हणाल्या. उठून फडताळातून पितळी तांब्या-भांडं काढलं, जावयाला पाणी देतात ते, आणि उरलेलं पाणी त्यात घेऊन चौदा महिन्यांच्या नातीपुढे ठेवलं. "घ्या पाव्हणीबाई."

भाचीने भांड्यात हात घातला. शेजारणी हसल्या, पदराआडून.

त्या दिवसापासून त्या घरात एका लहान मुलीचा असा पाहुणचार सुरू झाला, की मंत्र्यालाही मिळत नसेल. ताटलीत भांडं, भांड्यावर झाकण. मग आजींनाच प्रश्न पडला, पाहुणीला पाणी चांगलं आणि खिचडी बोअरच्या पाण्यातली, हे कसं? खिचडीही बादलीतल्या पाण्यात शिजू लागली. रोजच्या दोन बादल्या झाल्या. मेष राशीला आता दोन रव्या फिरायच्या, एक नणंदेच्या हातात.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा तांब्या आला तो माठातला.

"आजी, बादलीतलं?"

"मामा, तुमचे समदे दात आले का?"

"एक पडलासुद्धा."

"मंग माठातलं प्या. ज्याचे यायचेत त्याला बादलीतलं."

शास्त्रीयदृष्ट्या हे वाक्य पूर्ण नव्हतं, गुडघ्यांचा मुद्दा राहतच होता. पण सात पायऱ्यांच्या माझ्या तक्त्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. गावातही तेच पसरलं. जिच्या घरी तान्हं मूल, ती तुरटीचं प्रमाण विचारायला आजींकडे येई, आणि टीव्ही नसेल तर सकाळी बादली घेऊनच येई. राशिभविष्याच्या वेळी तो ओटा घुसळखाना होऊन जायचा.

मग नुसती वाट बघायची होती, आणि दातांची वाट बघायला पाच-सहा वर्षं लागतात. सहाव्या वर्षी भाचीचा खालचा दुधाचा दात पडला. बहीण फोटो पाठवायला लागली. ते फोटो असे, की एक उघडं तोंड, अंधार आणि बाजूला कुणाचा तरी अंगठा. खालचे दोन बरे आले. वरचे दोन यायला पुढची दिवाळी उजाडली.

भाऊबीजेला मी गेलो तो पिशवी खाली ठेवायच्या आधी भाचीसमोर उकिडवा बसलो.

"आ कर."

तिने आ केला. वरचे दोन्ही पांढरे. डाव्या दातावर आडवी, खडूने ओढावी तशी एक फिकट रेघ. नीट निरखलं तरच दिसणारी. ती कुठल्या सात महिन्यांची आहे हे मला ठाऊक होतं. मी बहिणीला काही बोललो नाही. तिनेही ती बघितली असणार.

"कसेयत?" भाचीने विचारलं.

"उंदराने पाहिले तर अर्ज करील, मला असेच द्या म्हणून."

ती खदाखदा हसली. आणि हसता हसता तिचा उजवा हात वर गेला, तळवा तोंडावर, बोटं गालावर. अगदी तिच्या आत्यासारखा.

बहिणीच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. ती जागीच थांबली.

"हात का ठेवलास गं?"

"हसताना ठेवतात," भाची म्हणाली.

"कोण ठेवतात?"

"सगळ्या. आजी ठेवते, आत्या ठेवते. तू पण ठेवतेस."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. तिचे दात नाशिकचे, पांढरेशुभ्र. आणि खरंच, गेली कितीतरी वर्षं त्या घरात बसून हसताना तिचा हात वर जायचा. मी ते बघत आलो होतो आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नसावं. पाण्यातून काय काढायचं ते आम्ही काढलं होतं. हे पाण्यात नव्हतंच.

आजी पाटाशी रांगोळी घालत होत्या. त्यांनी बोटं झटकली आणि नातीसमोर येऊन बसल्या.

"आपल्याच घरात शिकली," त्या बहिणीला म्हणाल्या. "मंग आपणच शिकवावं लागंल." मग नातीला, "हे बघ, असं हसायचं." त्यांनी पदर खांद्यावर टाकला, कमरेला खोचला, हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडून मोठ्याने म्हणाल्या, "हा! हा! हा!"

भाचीने जवळ जाऊन त्यांच्या तोंडात डोकावून बघितलं. इतक्या जवळून ते दात तिने कधी पाहिले नसावेत.

"आजी, तुझे दात चहासारखे हायेत."

बहीण "अगं—" म्हणाली, पण आजींनी तिला हाताने थांबवलं.

"आन तुझे?"

"दुधासारखे."

"मंग दोघी मिळून चहा झाला की!" आजी म्हणाल्या आणि मग त्यांना खरंच हसू आलं. पदर कमरेला होता आणि तो काढायला वेळ मिळाला नाही. भाची हसली. नणंद दारातून काय झालं बघायला आली, तिचा हात सवयीने वर गेला, तर भाचीने पळत जाऊन तो धरून खाली ओढला.

ओवाळून झालं. आजींनी दोन भांडी आणली, एक नातीला बादलीतलं, एक मला माठातलं. मी प्यायलो. पाणी गोड होतं.